जमिनीलगत भरलेला डोळा

आजवर कोणालाच सांगितली नाही ती गोष्ट अशी आहे. नागपूरजवळच्या बेसाच्या पलीकडे नाल्याकाठी एक गाव आहे. तिथल्या एका माणसाने आपली संत्र्याची बाग स्वतःच्या हाताने, कुदळ घेऊन उपटली. रोगाने गेली असं तो सांगतो, गावही तसंच सांगतं, आणि आमच्या सरकारी बागेतही सगळे तेच समजून आहेत. रोग होता हे खरं. पण तो मी लावला होता. त्यावरचा उपाय माझ्या पिशवीत होता आणि तो मी बाहेर काढला नाही. उलट ‘काढून टाका’ म्हणालो.

मी सूड घ्यायला निघालो होतो, तोही त्याच्यावर नव्हे. ज्याच्यावर घ्यायचा होता तो अजून धडधाकट आहे. त्याची संत्री दर बहाराला बाजारात भाव खाऊन जातात.

हे लिहिताना मला भरून येत असेल असं कोणी समजू नये. मला अजून रागच येतो. फक्त तो कुठे ठेवावा ते आता कळत नाही.

माझे वडील गुरांच्या दवाखान्यात होते. डॉक्टर नव्हेत. डॉक्टरसाहेब नागपुरात सदरला बंगल्यात राहत, आणि गावोगाव लसीची पेटी घेऊन फिरायचं काम बाबांकडे होतं. लोक त्यांना सुईवाला म्हणत. गुरांची बुळकांडी त्या काळी आली की गोठेच्या गोठे रिकामे करून जाई. लोकांच्या लेखी ती माता. तिला नारळ फोडायचा, लिंबाचे डहाळे बांधायचे आणि गप्प बसायचं. बाबा सांगत की बकऱ्यांत वाढवून नरम केलेलं हे रोगाचंच बीज आहे. सुई टोचली की ढोर थोडे दिवस तापतं, चारा सोडतं, मान टाकतं आणि मग उठतं. एकदा उठलं की ही माता त्याला पुन्हा शिवत नाही.

पण त्या तापाच्या दिवसांतच लोक बिथरत. चांगलं उभं ढोर याच्या सुईने पडलं, असं म्हणत. म्हणून बाबांची एक रीत होती. बाकीचे टोचणारे टोचून निघून जात, बाबा ताप उतरेपर्यंत गाव सोडत नसत. चावडीवर पथारी टाकत, सकाळ-संध्याकाळ गोठ्यागोठ्यातून हिंडत आणि ढोरांच्या कानाला हात लावून पाहत. चावडीवर त्यांचं एक ठरलेलं बोलणं असे. ते मला अजून पाठ आहे: “ताप येईन. आला तं घाबरू नका. नाही आला तं मले येऊन सांगा.”

याच रीतीपायी ते नाल्याकाठच्या त्या गावात अडकले. टोचून परत आले असते तर सुटले असते.

तिथे काहीतरी झालं हे मला कळलं ते सीताबर्डीच्या बाजारात. मी तेव्हा सरकारी फळबागेत नुकताच लागलो होतो. बाबांबरोबर भाजी घेत होतो. पाठीमागून कोणीतरी जिभेने आवाज काढला, च्यक् च्यक्, बैल हाकताना काढतात तसा. मग दुसरा म्हणाला, “हुर्र, चाल गा राजा!” चारपाच जण हसले. बाबा थबकले. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी वळलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट त्यांनी मला लहानपणीही धरलं नव्हतं.

“चाल घरी.”

“पण बाबा, कोणाले म्हणून राहिले ते?”

“चाल म्हटलं ना.”

घरी आईने त्यांच्या गळ्यातला दुपट्टा काढला. उन्हाळ्यातसुद्धा ते हल्ली दुपट्टा सोडत नाहीत, हे मी पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. मानेच्या मागे, खांद्याच्या जरा वर, कातडी सोलवटून काळी पडली होती. बैलाच्या मानेला जू घासून पडतो तसा घट्टा.

शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतींचे दिवस होते. त्या गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची, शर्यतीची जोडी बुळकांडीने मेली. रोग सुईवाल्याने आणला असं ठरलं. ‘बैल तू मारले, आता तूच ओढ,’ म्हणून त्यांनी बाबांना त्या जोडीच्या छकड्याला जुंपलं आणि गावातून फिरवलं. आईने हे मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही बाबा मोरीत गेले असताना.

मी बाबांना एकदाच विचारलं, “त्या बैलांले सुई तुमीच टोचली होती का?” ते दुपट्टा सारखा करत म्हणाले, “त्यायचे बैल मेले, बापू. माणूस बी तापते अशा वेळी. मंग उतरते.”

माझा उतरला नाही. बाबा पुढे गावोगाव गेले नाहीत. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बाटल्या धुवायचं काम त्यांनी मागून घेतलं आणि थोड्या वर्षांतच गेले. त्यांना शेवटची आंघोळ घालताना दुपट्टा काढला, तेव्हाही तो डाग होता.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते समजायचं नाही.

नागपुरी संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. मग त्या खुंटाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, गोड संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधायचा. याला म्हणतात डोळा भरणे. डोळा धरला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. मग मुळं जंबेरीची आणि फळ संत्र्याचं. माझा हात त्यात चांगला होता. माझे डोळे क्वचितच वाळत.

प्रश्न होता डिंक्याचा. चांगली फळं देणाऱ्या बागेत एके वर्षी बुंध्यातून डिंक गळायला लागे, साल कुजे, पानं पिवळी पडत आणि झाड उभ्या उभ्या वाळे. बागाईतदार म्हणत, नजर लागली. आमच्या साहेबांना नजर-बिजर मान्य नव्हती. त्यांनी शेजारी शेजारी ओळी लावल्या. काही ओळींत डोळा जमिनीलगत भरला, काहींत वीतभर उंच. काहींच्या बुंध्याशी मुद्दाम पाणी तुंबवलं, काहींच्या बुंध्याभोवती कोरडं आळं आणि त्याच्या बाहेर पाण्याचं दुसरं आळं, म्हणजे खोड भिजू नये. मग वर्षानुवर्षं नुसती वाट पाहिली. साहेब टोपी पाठीमागे सारून बुंध्याशी उकिडवे बसत, चाकूच्या टोकाने साल खरवडत आणि म्हणत, “घाई करू नका. झाड खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतं.”

झाडं बोलली. जमिनीलगत डोळा असलेली आणि मातीत, पाण्यात मान बुडालेली झाडं डिंकाने गेली. वीतभर उंच डोळ्याची टिकली. संत्र्याची साल ओल्या मातीला टेकली की कुजते, जंबेरीची तेवढी कुजत नाही. गोष्ट एवढीच, पण ती कळल्यावर बागा वाचायला लागल्या. ज्यांना रोग आधीच लागला होता त्यांच्यासाठीही उपाय निघाला. बुंध्याची माती मोकळी करायची, कुजकी साल चांगली लागेपर्यंत खरवडायची, वर मोरचूद आणि चुन्याचा लेप द्यायचा आणि खोडाला पाणी लागू द्यायचं नाही.

जुने माळी मात्र ऐकत नसत. बुंध्याला मातीची भर दिली की झाड वाऱ्याने हलत नाही आणि जमिनीत ओल राहते, ही त्यांची पिढीजात चाल. ही समजूत त्यांच्या डोक्यातून काढण्यात आमची अर्धी नोकरी गेली. मी तीच समजूत उलटी वापरली.

एका सकाळी मी रोपवाटिकेत डोळे भरत होतो. पांढरं धोतर, रेशमी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी, असा एक गृहस्थ पाण्याच्या पाटाशी येऊन उभा राहिला. गावाचं नाव त्याने स्वतःच सांगितलं. मी खाली मान घालून काम करत राहिलो.

“काहो भाऊ, कलमं तुमीच भरता का?”

“हो.”

“मले पायजेत. लय पायजेत. अन् सरकारीच. बाजारचा माल मी घेत नाही.” तो पाटाच्या कडेला बसला आणि त्याने चंची सोडली. “तुमच्या सरकारी लोकायवर माहा भरोसा कवा बसला, सांगू?”

मी पुढचा खुंट हातात घेतला. बोलणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

“एक सुईवाला आलता गावात, ढोरायले टोचाले. पट तोंडावर होता. माही जोडी अशी का, नागपुरापावतर नाव! म्यां म्हटलं, गावाची ढोरं टोच, माह्या जोडीले हात लावू नको. तापली तं पटात काय पळन? थो काही ऐकेना. हात जोडे. म्हने, मालक, पहिले या दोघायले टोचू द्या. म्यां हाकलून देल्लं.”

“मग?”

“मंग काय! गावातली सारी ढोरं उठली अन् चारा खाऊन राहिली, अन् माही जोडी गोठ्यात आडवी. लोक माह्या तोंडाकडं पाहे. मालगुजार मी! म्यां म्हटलं, यानंच आणली माता. अन् देल्लं त्याले छकड्याले जुंपून.” तो हसला. विड्याचा लाल थेंब फेट्याच्या शेवावर पडला, तो त्याने पुसला. “चालला बी बिचारा! चावडीपासून नाल्यापावतर. आमच्या गावचा एक येडा मधात आला, त्यानं जू काढलं. नाही तं सीताबर्डीपावतर आणला असता तुमच्या.”

“त्याला माहीत होतं ना, सुई तुम्हीच नाकारली म्हणून?”

“त्याले अन् मले. दोघायलेच.”

“मग तो बोलला काहून नाही?”

“बोलून काय करते गा? मालगुजाराचं ऐकतीन का सुईवाल्याचं? अन् बोलला असता तं दुसऱ्या गावच्या मालगुजारानं त्याले वेशीच्या आत घेतलं असतं का?” तो चंचीची दोरी गुंडाळू लागला. “पण सुई खरी होती, हे मले तवाच समजलं. तवापासून सरकारी ते सरकारी.”

हातातल्या खुंटाची साल मी कापत होतो. चाकू आरपार गेला. फुकट गेलेलं ते रोप मी उपटून पाटात टाकलं आणि म्हणालो, “मिळतील कलमं. पुढच्या पावसाळ्यात गाडी घेऊन या, मालक.”

त्याच्यासाठी मी नवे डोळे भरले. प्रयोगाच्या ओळींशेजारचा एक वाफा घेतला, म्हणजे कोणी विचारलं तर प्रयोगाचेच आहेत म्हणता आलं असतं. कोणी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता. जमिनीला छाती लावून, जवळजवळ पालथा पडून मी एकेक डोळा मातीलगत भरला. इतकं मन लावून मी सरकारचं काम कधी केलं नव्हतं. एकही डोळा वाळू दिला नाही. कलमाचा सांधा म्हणजे झाडाची मान. माझ्या बापाच्या मानेवर याने जू ठेवलं. याच्या प्रत्येक झाडाच्या मानेवर मी माती ठेवणार होतो, आणि ती माती तो स्वतःच्या हाताने ओढून घेणार होता. या विचाराने मला त्या दिवसांत झोप चांगली लागे. आई म्हणायची, अंगावर आलास जरा.

पावसाळ्यात गाड्या आल्या. मालगुजाराने लावायची रीत विचारली. मी सांगितली. बुंध्याला मातीची चांगली भर द्या, सांधा झाकला पाहिजे, वाऱ्याने हलता कामा नये. पाणी खोडाशीच सोडा. प्रत्येक शब्द सरकारी तोंडाने सांगितला.

“आमचा म्हातारा माळी बी असंच म्हने,” तो खूश होऊन म्हणाला. “पाहा, सरकार अन् माहा माळी एक झाले.”

मग पाच-सहा वर्षं गेली. झाड उशिरा बोलतं, हे मला माहीत होतं. एका आंबिया बहाराला त्याच्या माणसाने घरी टोपली आणून दिली. पहिलं फळ, बाबूले द्या म्हणे मालकानं. कोणाकडून आली ते मी आईला सांगितलं नाही. तिने एक सोललं, फोडीची पांढरी शीर काढून टाकली आणि म्हणाली, “लय गोड हाये रे. कोणाची बाग?”

“आहे एकाची.”

“देव त्याचं भलं करो.”

मीही खाल्लं. खरंच गोड होतं. मी मनात म्हटलं, खा लेका, विक, फेटा मिरव. खाली मातीत तुझी मान भिजते आहे.

पुढे एका वर्षी पाऊस फार झाला आणि तो संपता संपता निरोप आला की बागेत डिंक गळतोय. साहेबांनी मला बोलावलं. मोरचूद-चुन्याच्या लेपाचा डबा आणि खरवडायची सुरी त्यांनी स्वतः माझ्या पिशवीत ठेवली. “लेप कसा द्यायचा ते उभं राहून करून दाखवा,” म्हणाले. “नुसतं सांगून येऊ नका.”

मी निघालो तो वरातीला निघाल्यासारखा. कपडेसुद्धा धुतलेले घातले होते.

मालगुजाराची बाग जरा चढावर होती. बुंध्याबुंध्याशी तांबूस डिंकाचे गोळे. मी अंगठ्याने एक दाबून पाहिला. मऊ होता. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, मला सुख झालं. मालगुजार मागून चालत होता, दात कोरत. मी एकेका झाडाशी थांबत होतो, जरुरीपेक्षा जास्त.

“खाली अजून एक हाये,” तो म्हणाला. “तितं तं लयच झालं.”

हे मला माहीत नव्हतं. जागेपेक्षा कलमं जास्त झाली म्हणून त्याने काही आपल्या एका कुळाला दिली होती. नाल्याच्या अंगाची काळी, चिकट जमीन त्या कुळाची. पन्नाशीचा, वाळका माणूस होता तो. डोक्याला फडकं, हातावर शेण सुकलेलं. त्याच्या झाडांकडे पाहिलं आणि मी थांबलो. मालगुजाराच्या गड्यांनी मातीची भर दिली होती ती गडी देतात तशी, इथे जास्त, तिथे कमी. याने प्रत्येक बुंध्याभोवती मातीचा गोल ओटा केला होता आणि तो शेणाने सारवला होता. घरातली चूल सारवतात तसा. एकाही झाडाचा सांधा दिसत नव्हता. आणि एकही झाड असं नव्हतं की ज्याला डिंक नाही.

“दर सणाले सारवतो जी,” तो मला म्हणाला. “मालकानं सांगतलं, सरकारी बाबूनं माती भराले लावली. मंग म्यां म्हटलं, भराची तं चांगलीच भरावं.”

मालगुजार हसत म्हणाला, “पाह्यलं का, बाबू? थोच येडा हा. सुईवाल्याचं जू काढलं होतं ना, थो. तवापासून सरकारी माणसाचा भगत झाला.”

तो ओशाळला. “माही गाय वाचवली होती जी त्या सुईवाल्यानं. अन् जू काढल्यावर म्यां त्याले पाणी देल्लं, तं थो मलेच म्हने, आधी जाऊन पाह्य, तुह्या गायीचा ताप उतरला का. मानेतून रगत येऊन राह्यलं होतं, अन् थो गायीचं इचारे.” मग जरा थांबून, “असा माणूस खोटं काहून सांगन? मंग मी म्हनतो, सरकारी माणूस सांगते तसं करावं.”

पिशवीत डबा होता. पिशवी खांद्यावर होती. त्या झाडांची साल अजून पुरती कुजली नव्हती. दिवसभर दोघांनी लागून माती ओढली असती, खरवडलं असतं, लेप दिला असता, तर बरीच वाचली असती. हे मला तिथे उभं असताना स्वच्छ माहीत होतं. आणि तो कोण आहे, हेही आता माहीत होतं.

पण मालगुजार तिथेच उभा होता. याला सांगितलेला उपाय त्याला आपोआप मिळाला असता. मी त्याच्याकडे पाहिलं. ‘सुईवाल्याचं जू’ म्हणताना आलेलं हसू त्याच्या ओठावर अजून तसंच होतं.

“सांगा ना काही उपाय, बाबू,” मालगुजार म्हणाला.

“उपाय नाही,” मी म्हणालो. “काढून टाका. मुळासकट. आणि जाळा.”

“सारी?” कूळ म्हणालं.

“सारी. इथलीही आणि वरचीही.”

मालगुजाराने काठी आपटली. “वा रे बाबू! काढून टाका म्हने! बागा का तुमच्या बापाच्या हायेत?”

मी नमस्कार करून निघालो आणि परतीच्या वाटेवर नाल्यात डबा रिकामा केला, म्हणजे साहेबांना तो रिकामा दिसावा. पाणी थोडा वेळ निळं झालं.

वाटेत मी स्वतःला समजावत होतो. तो काही लगेच उपटणार नाही. जीव लावलेली झाडं आहेत, महिनाभर तरी कुरकुर करेल, तोवर मालगुजार नसताना एकटाच येईन, गुपचूप लेप देऊन जाईन. दिवाळी झाल्यावर गेलोही. नाल्याकाठी काळे खड्डे होते आणि बांधावर राख. त्याने दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली होती, असं त्याच्या बायकोने सांगितलं. सरकारी बाबूनं सांगतलं म्हणून.

आणि वर मालगुजाराची बाग उभी होती. त्याने माझं ऐकलं नव्हतं. तो कोणाचंच ऐकत नाही, माझ्या बापाचं ऐकलं नव्हतं तसंच. उधळी, म्हणजे वाळवी, लागली असेल असं त्याला वाटलं, म्हणून त्याने गड्यांकडून बुंध्यांची माती काढवली, आत पाहिलं, उधळी नाही म्हणाला आणि माती परत लोटायला गड्यांना कंटाळा आला. सांधे उघडे पडले. वारा लागला, ऊन लागलं, चढावर पाणी थांबत नव्हतं. थोडी झाडं गेली, बाकीची सावरली. माझ्या प्रयोगाचा असा निकाल लागला. ज्याने विश्वास ठेवला त्याची गेली, ज्याने नाही ठेवला त्याची वाचली.

मी पुन्हा काहीतरी करायचं ठरवत होतो. त्याच्या विहिरीचा, त्याच्या गोठ्याचा विचार केला. तेवढ्यात एकदा संत्र्याच्या बाजारात ते कूळ भेटलं. डोक्यावर मालगुजाराच्या संत्र्यांची टोपली होती. आता तो त्याच्याच बागेत तोडणीला जातो. टोपली उतरवून त्याने मला रामराम केला.

“बरं झालं जी, तुमी येळेवर सांगतलं. माही काढली म्हून मालकाची वाचली. नाही तं रोग वर गेला असता. मालक बी असंच म्हनतात.” आणि टोपलीतली दोन संत्री माझ्या हातात ठेवली. “घ्या. मालक काही म्हनत नाहीत.”

त्याच्या तोंडावर थोडा मोठेपणा होता. आपण कोणाची तरी बाग वाचवली, याचा. मी संत्री घेतली. त्याच्यासमोर फेकता येत नव्हती.

मग मी काहीच केलं नाही. विहीर राहिली, गोठाही राहिला. त्याला बरीच वर्षं झाली. आई गेली, साहेब बदलून गेले, लढाई आली. गप्प बसणं मला जन्मतःच जमतं. घरात ते आमच्या रक्तातच आहे. पण यंदा त्या भागात पुन्हा बुळकांडी आली. दवाखान्याचा माणूस लस घेऊन त्या गावी गेला आणि वेशीवरूनच परत आला. आमच्या बागेतला एक कामदार त्याच्या बरोबर होता. चहाच्या वेळी तो रंगवून सांगत होता: “गाव म्हने, सुई नको अन् कलमं बी नको. तुमच्या सरकारी सांगण्यानं आमच्या माणसानं उभी बाग उपटली. अन् आमी वळलो तं पोट्ट्यायनं मागून जिभा वाजवल्या, च्यक् च्यक्, हुर्र!”

सगळे हसले. मी उठून पंपाशी गेलो आणि उगीचच हात धूत राहिलो.

त्या गावातली ढोरं या खेपेला बरीच मेली. बाबांनी ताप उतरेपर्यंत चावडीवर बसून जो विश्वास कमावला होता, तो मालगुजाराने त्यांना जुंपूनही पुरता मोडला नव्हता. एक माणूस तरी तो धरून होता. तो मी मोडला. मालगुजाराने खोटं सांगितलं होतं की सरकारी माणूस रोग आणतो. ते मी खरं करून दाखवलं.

मालगुजाराचं मी काही देणं लागत नाही. माझंच त्याच्याकडे येणं आहे. ते मिळणार नाही हे मला कळतं, आणि ते मी सोडलेलंही नाही. तो उद्या रस्त्यात पडलेला दिसला तर मी त्याला उचलीन की नाही, हे मला सांगता येत नाही.

देणं आहे ते त्या कुळाचं. वीतभर उंच डोळा भरलेली कलमं, जेवढी त्याने उपटली तेवढी, आणि ती धरेपर्यंत माझे हात. आणि त्याआधी, त्याच्या गावच्या चावडीवर सगळ्यांच्या समोर उभं राहून एवढं सांगणं, की मी सुईवाल्याचा मुलगा, सुई खरी होती, कलमंही खरी होती, खोटा मी होतो, आणि तुमची झाडं वाचली असती. हे मी अजून दिलेलं नाही.